ॲल्युमिनियमचं हलकं फ्लायव्हील टाकायचंय? आधी हे वाचून घ्या

माझ्याकडे २००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक आहे, आणि गेली चार वर्षं तिच्यात ॲल्युमिनियमचं फ्लायव्हील आहे. बॉनेट उघडलं तरी ते दिसत नाही, पण सिग्नलला गाडी उभी असताना ॲक्सिलरेटरला नुसता पाय लागला की आवाज असा काही चढतो की शेजारचा काच खाली करून विचारतोच. आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून सगळी उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवतोय, पाल्हाळ वाटला तर हवा तो प्रश्न शोधा आणि बाकीचं सोडा.

फ्लायव्हील म्हणजे नक्की काय आणि कंपनी ते एवढं जड का देते?

गावाकडे विहिरीवर किर्लोस्करचं जुनं डिझेल इंजिन पाहिलं असेल तर अर्धं उत्तर तुम्हाला माहितीच आहे. हँडल मारून आधी ते मोठं चाक गरागरा फिरवायचं, चाकात दम भरला की डीकॉम्प्रेशनचा खटका पाडायचा, आणि त्या चाकाच्या जोरावर पिस्टन दाब ओलांडून पलीकडे जायचा आणि इंजिन धडधडायला लागायचं. गाडीतलं फ्लायव्हील हेच काम करतं, फक्त क्रँकच्या (पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) मागच्या टोकाला, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे लपून.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो, मधल्या काळात इंजिन स्वतःच्याच कॉम्प्रेशनशी भांडत असतं. तो मधला काळ चाक सांभाळून नेतं. शिवाय क्लचप्लेट याच्याच तोंडावर घासून पकडते आणि याच्या कडेला जे दाते असतात त्यांना सेल्फ (स्टार्टर मोटर) धक्का देतो. म्हणजे एका तबकडीची तीन कामं. कंपनीला गाडी अशी विकायची असते की नवशिक्यालाही ती बंद न पाडता उचलता यावी, एसी चालू केला तरी थरथरू नये, म्हणून ती वजन जास्तच ठेवते. त्यात कंपनीचं काही चुकत नाही.

मग हलकं केल्याने नेमका काय फरक पडतो?

इंजिन जेव्हा रेस पकडतं तेव्हा त्याला गाडी तर ढकलायची असतेच, पण स्वतःचे फिरणारे भागही फिरवायचे असतात. चाक जितकं जड आणि वजन जितकं कडेला, तितका जोर त्यातच खर्ची पडतो. इथे नुसते किलो मोजून चालत नाही, वजन मध्यापासून किती लांब आहे त्याचा वर्ग धरावा लागतो, म्हणजे कडेचं अर्धा किलो कमी केलं तर ते मधल्या दीड-दोन किलोपेक्षा जास्त कामाचं.

एक ढोबळ हिशेब सांगतो, माझ्या गाडीचे मोजलेले आकडे नाहीत, समजण्यापुरते घेतलेत. समजा कंपनीचं चाक ८ किलोचं, नवीन ४ किलोचं, आणि दोघांच्या फिरण्याच्या जडत्वातला फरक ०.०४५ किलो-मीटर-वर्ग. पहिल्या गिअरचं रेशो ३.२५, फायनल ड्राइव्ह ४.२५, टायरची त्रिज्या २९ सेंटीमीटर. तर पहिल्या गिअरमधे हा फरक गाडीचं वजन साधारण १०० किलोने कमी झाल्यासारखा लागतो. म्हणजे मागच्या सीटवरून दीड माणूस उतरला म्हणा ना. दुसऱ्यात तो ३५ किलोवर येतो, तिसऱ्यात १५, आणि पाचव्यात जेमतेम ५ किलो, म्हणजे डिकीतली पाण्याची कॅन काढली एवढंच.

यातच सगळी गोम आहे. खालच्या गिअरमधे मजाच मजा, हायवेवर पाचव्यात १०० ने चाललात तर काहीच नाही, शून्य.

दुसरा फरक रेस उतरण्यात. क्लच दाबला की सुई धाडकन खाली येते. जड चाकात ती निवांत उतरते, आपणही निवांत गिअर टाकतो. हलक्यात हात चटकन चालला पाहिजे, नाहीतर पुढचा गिअर पडेपर्यंत रेस गरजेपेक्षा खाली गेलेली असते आणि गाडी डोकं आपटते. पण खालचा गिअर टाकताना टाचेने ॲक्सिलरेटरला टिचकी मारून रेस जुळवायची सवय असेल तर मग या चाकासारखं सुख नाही, खंबाटकी चढताना तिसऱ्यातून दुसऱ्यात गाडी लोण्यासारखी येते.

म्हणजे पॉवर वाढते ना?

नाही. नाही म्हणजे नाही. १०६ अश्वशक्ती होती, १०६ च राहते (वीस वर्षांत जेवढी झिजली ती सोडून). जो मेकॅनिक "दहा बीएचपी वाढतील" म्हणतो त्याच्याकडे गाडी लावू नका.

हां, एक गंमत आहे. काही डायनो (गाडीची पॉवर मोजायची यंत्रं) जड रोलर किती झपाट्याने फिरतो त्यावरून पॉवर काढतात, त्यावर हलक्या चाकाची गाडी थोडी जास्त पॉवर दाखवते, कारण रेस चढताना चाकात कमी जोर अडकतो. रेस एका जागी धरून मोजलं तर तो जास्तीचा आकडा गायब. त्यामुळे कुणी आधीचा आणि नंतरचा कागद दाखवला की आधी विचारा कुठल्या गिअरमधे आणि कसल्या डायनोवर.

आहे तेच चाक लेथवर नेऊन हलकं करून आणलं तर? आमचा टर्नर ५०० रुपयांत करतो.

कृपा करून नको. हा प्रश्न कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यातून हमखास येतो, कारण तिकडे फाउंड्र्या आणि लेथ गल्लोगल्ली आणि टर्नर लोकांचा हात खरोखर सोन्यासारखा. पण इथे हाताचा दोष नसतो, मालाचा असतो. बहुतेक गाड्यांचं फ्लायव्हील बिडाचं. बीड दाबाला वाघ असतं पण ताणाला कच्चं, आणि फिरणारं चाक सतत बाहेरच्या दिशेने ताणलं जात असतं. २८ सेंटीमीटर व्यासाचं चाक ७००० आरपीएमला फिरतं तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या वर असतो, म्हणजे ताशी ३७० किलोमीटर. आता त्यात टर्नरने जिथे सोयीचं वाटलं तिथे खाच मारलीये आणि कोपरा धारदार सोडलाय, तिथून तडा जायला किती वेळ लागतो? फुटलं तर तुकडे बेलहाउसिंग (चाकावरचं गिअरबॉक्सचं कवच) फाडून बाहेर येतात, आणि बाहेर म्हणजे डॅशबोर्डच्या दिशेने, तुमच्या पायांकडे.

चाकाच्या तोंडाला हलका फेस मारून सपाट करणं वेगळं, ते क्लच बदलताना सगळेच करतात. वजन काढायला पोखरणं वेगळं. विकत घेतानाही एसएफआय १.१ असा शिक्का असलेलं बघा, ते रेसिंगसाठी फ्लायव्हील-क्लच किती वेगाला टिकलं पाहिजे याचं मानक आहे. बिनशिक्क्याचं स्वस्त चाक घ्यायचा मोह मलाही झाला होता, मग कडेचा वेग आठवला.

ॲल्युमिनियम की क्रोमोली स्टील?

ॲल्युमिनियमची घनता २.७, लोखंड-बिडाची ७ च्या वर, म्हणून ते एवढं हलकं. पण ॲल्युमिनियमवर क्लचप्लेट थेट घासू देता येत नाही, दोन दिवसांत खरवडून काढेल. म्हणून चाकाचं अंग ॲल्युमिनियमचं आणि क्लच घासतो तिथे स्टीलची वेगळी चकती बोल्टने बसवलेली, आणि कडेची दात्यांची रिंगही स्टीलची. खराब झाली की चकती तेवढी बदलायची, फेस मारायच्या भानगडीत पडायचं नाही. ही सोय चांगली आहे.

क्रोमोली म्हणजे क्रोमियम-मोलिब्डेनम मिसळलेलं स्टील, ते एकसंध असतं, सुटे भाग नाहीत, ताकदीला भरपूर, आणि वजन साधारण मधलं. कंपनीचं ८ किलोचं असेल तर क्रोमोली ५-६ चं मिळतं आणि ॲल्युमिनियम ४ च्या आसपास.

माझं मत विचाराल तर घरात एकच गाडी असेल आणि रोज लक्ष्मी रोडवरून किंवा ठाण्यातून जायचं असेल तर क्रोमोली घ्या. ॲल्युमिनियम हे गाडी दुसरी असणाऱ्यांचं, नाहीतर कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर वगैरे ट्रॅक-डेला (स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर पळवायला) जाणाऱ्यांचं काम. मी स्वतः ॲल्युमिनियम टाकलंय हे खरं, पण माझ्या ऑफिसला बस जाते.

गरम होण्याचं काय? ॲल्युमिनियम वितळत नाही का?

वितळायला ६६० अंश लागतात, तिथवर पोचायच्या आत तुमचा क्लच जळून खाक झालेला असेल. आणि ॲल्युमिनियम एका किलोमागे लोखंडाच्या जवळपास दुप्पट उष्णता पोटात घेतं, पसरवतंही झपाट्याने, त्यामुळे "हलकं म्हणजे लगेच तापणार" हे तितकंसं खरं नाही. खरा त्रास त्या स्टीलच्या चकतीला होतो. ती पातळ असते, हाफ क्लचवर चढावर गाडी तोलून धरलीत की सगळी उष्णता आधी तिच्यात, ती थोडी वाकते, निळे डाग पडतात आणि मग गाडी उचलताना गुडगुडायला लागते. वर ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या दुप्पट फुगतं, म्हणून चकतीचे बोल्ट नीट आवळलेले असणं महत्त्वाचं.

कुठल्या गाडीत टाकू नये?

डिझेलमधे नको. डिझेलचे स्फोट दणकट असतात, त्यांचे हादरे गिळायलाच जड चाक दिलेलं असतं. बऱ्याच नव्या डिझेल आणि काही टर्बो पेट्रोल गाड्यांत तर ड्युअल मास फ्लायव्हील असतं, म्हणजे दोन तबकड्या आणि मधे स्प्रिंगा. फोक्सवॅगन-स्कोडाचे टीडीआय डिझेलवाले हे नाव ऐकूनच दचकतात कारण ते बदलायचं बिल भारी येतं, आणि मग "त्याऐवजी साधं हलकं टाकू का" असं विचारतात. एकसंध चाकाची किट मिळते, पण मग ते सगळे हादरे गिअरबॉक्सच्या वाट्याला, त्यात चाक हलकं घेतलंत तर उभ्या गाडीत गिअरबॉक्स डब्यात खडे हलवल्यासारखा वाजेल.

तीन सिलिंडरवाल्यांनीही थांबा. स्फोट अजून अंतराअंतराने होतात, आणि काही इंजिनांत चाकावर मुद्दाम एका बाजूला वजन ठेवून बॅलन्स साधलेला असतो. बाहेरून आणलेलं चाक त्याच इंजिनासाठी बनलेलं नसेल तर गाडी आयुष्यभर थरथरेल.

आणि ज्यांनी आधीच पुढची क्रँक पुली बदलून हलकी बिनरबराची पुली टाकलीये त्यांना सांगतो, मूळ पुलीत रबर असतं ते शोभेला नसतं, क्रँकला बसणारा पीळ ते शोषतं. ते काढलं आणि मागून चाकही हलकं केलं तर क्रँककडे काही आधारच उरत नाही. दोन्हीतलं एकच करा, पुली मूळची ठेवा.

मिळतं कुठे, खर्च किती?

होंडाची सिव्हिक, माझदाची मियाटा, सुबारू अशा गाड्यांसाठी अमेरिकेत सहज मिळतं, साधारण ३०० ते ५०० डॉलर. आपल्याकडची सिटी व्हीटेक होंडाच्या डी-सिरीज घराण्यातल्या इंजिनावर असल्यामुळे आपण नशीबवान, पण मागवण्याआधी क्रँकचे बोल्ट, दात्यांची संख्या आणि क्लचचा व्यास स्वतः मोजून जुळवा, फक्त "डी-सिरीज" लिहिलंय म्हणून पैसे भरू नका. त्यावर भाडं आणि कस्टम ड्युटी. माझं न्यू जर्सीच्या मावसभावाने बॅगेत घालून आणलं, चकल्यांचा डबा इकडून जातो तशी तिकडून ही तबकडी आली. मुंबईला कस्टमवाल्यांनी बॅग उघडायला लावली, आत कपड्यांत गुंडाळलेलं चार किलोचं दाते असलेलं चाक बघून साहेब दोन मिनिटं नुसतं फिरवून बघत होते.

खरा खर्च चाकाचा नाही, गिअरबॉक्स उतरवायचा आहे. म्हणून नियम एकच, क्लच संपल्यावरच हे काम काढा. चांगल्या क्लचच्या गाडीचा गिअरबॉक्स फक्त यासाठी उतरवणं म्हणजे हौसेला मोल नसतं ते हेच.

सोबत अजून काय काय बदलावं?

क्लचप्लेट, प्रेशरप्लेट (क्लचप्लेटला चाकावर दाबून धरते ती), रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की तो दाब सोडवतं ते) हे तिन्ही. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे, हे बोल्ट ताणले जातात, जुने परत लावून वाचणारे पैसे कुणाच्या कामी येत नाहीत. मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर क्रँकच्या टोकातलं पायलट बेअरिंगही.

आणि क्रँकचं मागचं ऑइल सील. याचा किस्सा सांगायलाच हवा. मेकॅनिकने मला उघडं इंजिन दाखवून विचारलं होतं, सील कोरडं आहे, बदलू का राहू दे? मी शहाणपणा केला, कोरडंय तर राहू दे. पाचशेच्या आतलं सील. सहा आठवड्यांनी सकाळी पार्किंगमधे फरशीवर रुपयाएवढा काळा डाग, दुसऱ्या दिवशी बशीएवढा. बोट लावून वास घेतला, इंजिन ऑइल. तिसऱ्या दिवशी क्लच घसरायला लागला, रेस चढतेय आणि गाडी जागेवरच. नवी कोरी प्लेट तेलाने माखून वाया, गिअरबॉक्स परत खाली. चूक मेकॅनिकची नव्हती, त्याने विचारलं होतं.

बसवतात कसं? घरी जमेल का?

घरी जमण्याचा प्रश्न गिअरबॉक्सच्या वजनाचा आहे. ३०-४० किलोचं धूड गाडीखाली झोपून छातीवर घ्यायचं आणि त्याचा शाफ्ट नेमका भोकात घालायचा, हे मी एकदा बघितलंय आणि मी करणार नाही. लिफ्ट किंवा पिट असेल, ट्रान्समिशन जॅक असेल आणि हाताखाली एक माणूस असेल तर पूर्ण दिवसाचं काम. साध्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरणाऱ्यांनी शिरू नये, घोड्या (गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड) लावा, चार लावा.

क्रम ढोबळमानाने असा. बॅटरीची तार काढायची, एअर फिल्टरचा डबा बाजूला, सेल्फ सोडवायचा, गिअर ऑइल काढायचं, दोन्ही एक्सल बाहेर, गिअरच्या दांड्या आणि क्लचची जोडणी सुटी, इंजिनाला खालून आधार देऊन मगच फाउंडेशनचे बोल्ट, आणि गिअरबॉक्स सरळ मागे ओढून खाली. वाकडातिकडा लोंबकळत ठेवला की शाफ्टचा भार क्लचप्लेटच्या मधल्या दात्यांवर येतो, तसं करू नका.

प्रेशरप्लेटचे बोल्ट एकेक पूर्ण न काढता समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत यायचे. मग फ्लायव्हीलचे बोल्ट, आणि इथे चाक फिरू नये म्हणून दात्यांत अडकवायचं हत्यार लागतं. स्क्रूड्रायव्हर घालून अडवणारे आहेत, दात्याचा टवका उडाला की मग सेल्फ मारताना रोज एकदा तरी घर्र होणार. शेवटचा बोल्ट काढताना चाकाखाली हात धरा, जुनं चाक ८ किलोचं असतं आणि ते बरोबर पायाच्या अंगठ्यावर पडतं.

आता जुनं आणि नवं शेजारी ठेवा. हे दोन मिनिटांचं काम कुणी करत नाही आणि सगळे घोळ इथेच पकडता येतात. बाहेरचा व्यास एक आहे का, दाते मोजा (खडूने खूण करून अक्षरशः मोजा), बोल्टची भोकं जुळतात का, प्रेशरप्लेट नेमकी जागेवर बसवणाऱ्या डॉवेल पिना आहेत का, क्रँकवर बसणाऱ्या तोंडापासून क्लच घासतो त्या तोंडापर्यंतची उंची सारखी आहे का. ही उंची चुकली तर रिलीज बेअरिंग नीट पोचतच नाही, मग क्लच एकतर सुटत नाही नाहीतर धरत नाही. काही गाड्यांत क्रँक सेन्सर फ्लायव्हीलच्या खाचा वाचतो, नव्या चाकाला त्या नसतील तर इंजिन चालूच होणार नाही आणि तुम्ही पेट्रोल पंपाला दोष देत बसाल.

क्रँकचं तोंड तारेच्या ब्रशने, मग ब्रेक क्लीनरने साफ. गंजाचा एक पापुद्रा मधे राहिला तरी चाक डुगडुगतं. नव्या चाकाच्या स्टीलच्या तोंडावर गंज चढू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो, तोही ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसायचा, आणि नंतर त्या तोंडाला बोट लावायचं नाही, कितीही चकचकीत दिसलं तरी. इनपुट शाफ्टच्या (गिअरबॉक्सचा क्लचप्लेटमधे शिरणारा दांडा) दात्यांना ग्रीस नखभर, बोटभर नव्हे, जास्तीचं ग्रीस फिरताना उडून प्लेटवरच जातं.

चाक बसलं की डायल गेज (बारीक डुगडुग मोजायचं घड्याळी माप) लावून एक फेरा फिरवून बघा. ०.१५ मिलीमीटरच्या वर डुगडुग असेल तर पुढे जाऊ नका, काढा, परत साफ करा. क्लचप्लेटवर कुठली बाजू चाकाकडे ते लिहिलेलं असतं, उलटी बसवणारे महाभाग मी बघितलेत. मधे अलाइनमेंटची दांडी घालून प्रेशरप्लेट आवळायची, नाहीतर गिअरबॉक्स चढवताना अर्धा तास घाम आणि शिव्या.

बोल्ट किती आवळायचे? आमचा मेकॅनिक म्हणतो हाताला अंदाज असतो.

हाताला अंदाज असतो हे मान्य, पण इथे टॉर्क पानाच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) पाहिजे. होंडाच्या डी-सिरीजला फ्लायव्हीलचे बोल्ट ११८ न्यूटन-मीटर आहेत. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या, माझ्याकडून नको, कारण काही इंजिनांत ठरावीक टॉर्क देऊन वर ठरावीक अंश फिरवायचे असतात. नवीन चाकाबरोबर कागद आला असेल तर त्यातलं वेगळं असू शकतं, तोही वाचा.

आवळायचे समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत. प्रेशरप्लेटचे बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत जातात, म्हणून आधी बोटाने फिरवायचे, आडवा चढला तर लगेच थांबायचं. आणि ती हवेची इम्पॅक्ट गन, तिला या कामापुरतं कुलूप लावून ठेवा. आटे गेले तर १०-१२ रुपयांच्या बोल्टने ४०० डॉलरचं चाक खाल्लं.

नव्या क्लचसोबत लगेच रेस करायची का?

सातशे-आठशे किलोमीटर गावातच चालवा, सिग्नल, वळणं, गिअर बदलत. हायवेवर घातलेले किलोमीटर यात धरायचे नाहीत, तिथे क्लच वापरलाच जात नाही. पहिले दोन-तीन दिवस थोडा गुडगुडेल, घाबरू नका. पंधरा दिवसांनीही गुडगुडत असेल तर मात्र कुठेतरी तेल-ग्रीस लागलंय किंवा चाक नीट बसलेलं नाही.

रोज चालवायला त्रास होतो का?

होतो, पण दोन आठवडे. जड चाकाच्या गाडीत क्लच हळूच सोडला की चाकातल्या दमावर गाडी आपसूक हलते. हलक्यात तो दम नसतो, थोडी रेस देऊनच उचलावी लागते, नाहीतर ठप्प. माझ्या आईने पहिल्यांदा चालवली तेव्हा सोसायटीच्या गेटमधल्या स्पीड ब्रेकरवर तीनदा बंद पडली, वॉचमन धक्का मारायला धावत आला. तिने चावी हातात ठेवून एवढंच विचारलं, पैसे देऊन गाडी बिघडवलीस का? या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

एसीचा कॉम्प्रेसर लागला की आयडलिंगला एक हलका झटका जाणवतो, आरपीएमची सुई जरा डोलते. इंजिन फाउंडेशनची रबरं जुनी असतील तर तीही याच कामात बदला, निम्मा त्रास जातो. चढावर मात्र हँडब्रेकची सवय करा. आंबा घाटात ट्रकच्या मागे हाफ क्लचवर तरंगत राहिलात तर जळका वास यायला वेळ लागत नाही.

गिअरबॉक्समधून खडखड येतेय, काही बिघडलं का?

न्यूट्रलमधे, क्लच सोडलेला असताना येते आणि क्लच दाबला की थांबते, असं असेल तर बहुतेक वेळा काही बिघडलेलं नाही. इंजिनाचे बारीक हिसके आधी जड चाक गिळायचं, आता ते गिअरच्या दात्यांपर्यंत पोचतात आणि दाते एकमेकांवर वाजतात. मधे स्प्रिंगा असलेली क्लचप्लेट घेतली तर कमी येते. बिनस्प्रिंगची पक्की रेसिंग प्लेट आणि हलकं चाक, ही जोडी रस्त्यावर घेऊ नका. आणि क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर ते वेगळं, ते रिलीज बेअरिंग.

चेक इंजिनचा दिवा लागला!

नव्या गाड्यांत होतं असं. कॉम्प्युटर क्रँकच्या फिरण्यातला चढउतार मोजून ठरवतो की एखादा सिलिंडर मिसफायर मारतोय का, म्हणजे त्यात स्फोट नीट होत नाहीये का. चाक हलकं झालं की तो चढउतार मुळातच वाढतो, आणि कॉम्प्युटरला वाटतं मिसफायर आहे, पी०३०० सारखा कोड येतो. पण "हलक्या चाकामुळेच असेल" म्हणून सोडून देऊ नका, आधी प्लग आणि कॉइल खरोखर तपासा. बॅटरी काढलेली असल्यामुळे आयडलिंग पहिला दिवस वेडंवाकडं असतं, ते आपोआप जुळतं.

ॲव्हरेज वाढतं का?

नाही. एका वेगाने चालताना चाक हलकं असो की जड, काही फरक नाही. ट्रॅफिकमधे कागदावर थोडंसं वाचतं, आणि प्रत्येक सिग्नलला आपण जास्त रेस देऊन उचलतो त्यात ते परत जातं. सिग्नलला उगाच रेस करून आवाज ऐकण्यात जातं ते वेगळंच.

आरटीओ, इन्शुरन्स?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा गाभा असा की आरसीवर नोंदलेले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासे होतील असा बदल करू नये. फ्लायव्हीलचं वजन आरसीवर लिहिलेलं नसतं, पण म्हणून इन्शुरन्सवाल्याला सांगायचं नाही असं नाही, लेखी कळवा, क्लेमच्या वेळी तोंडी बोललेलं उपयोगी पडत नाही. वॉरंटीतल्या गाडीत हा उद्योग करू नका. जर्मनीत वगैरे राहणाऱ्या मंडळींनी तर असे बदल तपासून नोंदवून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये, तिकडे हे कडक आहे.

चकती किती टिकते?

तुमच्या डाव्या पायावर आहे. माझी पहिलीच चालू आहे. पुढचा क्लच टाकताना चकती आणि तिचे बोल्ट दोन्ही बदलणार, तुम्हीही ती आधीच मागवून ठेवा कारण आयत्या वेळी इथे दुकानात मिळत नाही.

जुनं फ्लायव्हील भंगारात देऊ का?

अजिबात नको. गाडी विकायची झाली तर घेणारा बहुतेक वेळा मूळचंच मागतो, आणि बिडाच्या भावाने त्याचे किती येणार? तोंडाला तेलाचा हात द्या, वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकमधे घालून कोरड्या जागी आडवं ठेवा. माझं जिन्याखाली आहे, आईने त्यावर तुळशीची जादा कुंडी ठेवलीये, म्हणते बूड एकदम पक्कं आहे. पाणी घालताना खाली ओघळतं म्हणून दर दिवाळीला काढून परत तेल लावतो.